पाऊणकी, भरती आणि गोल्डस्मिथचे मास्तर

गेल्या अंकात ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या ‘द व्हिलेज स्कूलमास्टर’चा मी साध्या मराठीत अर्थ दिला होता आणि कुणाला यातल्या अलंकारांबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर लिहा असं म्हटलं होतं, तर इतकी पत्रं आलीत की या वेळी सगळी जागा त्यांनाच देते. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही वेगळी कविता नाहीये, १७७० साली आलेल्या ‘द डेझर्टेड व्हिलेज’ या ४३० ओळींच्या मोठ्या कवितेतला २६ ओळींचा तुकडा आहे. गाव उठून गेलंय, कवी तिथे फिरतोय, एका वेड्यावाकड्या कुंपणापाशी येतो आणि त्याला आठवतं की इथे मास्तरांची शाळा भरायची. मास्तर कडक, पोरं त्यांच्या तोंडाकडे बघून दिवस कसा जाणार ते ओळखायची, त्यांच्या विनोदांना खोटं खोटं हसायची, गाव त्यांच्या विद्वत्तेने चकित व्हायचं, आणि शेवटी दोन ओळींत कळतं की ती जागासुद्धा आता कुणाला आठवत नाही. बस, इतकंच आहे.

प्रश्न : बाई, मी गुहागरहून लिहितेय, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका गाईडमध्ये ‘नॉइझी मॅन्शन’ला आयरनी लिहिलंय, दुसऱ्यात ट्रान्सफर्ड एपिथेट आणि क्लासच्या सरांनी सांगितलं सटायर. मी पेपरात नक्की काय लिहू?

उत्तर : तू विचारलंस ते फार बरं केलंस, कारण या दोन शब्दांवर मी स्वतः बरीच वर्षं चुकीचं शिकवलंय आणि ते दुरुस्त करायची संधी मला मिळतेय. सगळे काय सांगतात, की मॅन्शन म्हणजे हवेली, शाळा म्हणजे कुडाची झोपडी, तिला हवेली म्हटलं म्हणजे कवी टोमणा मारतोय. आजच्या इंग्रजीत मॅन्शनचा अर्थ हवेली आहे हे खरं, पण गोल्डस्मिथच्या काळी त्याचा साधा अर्थ राहतं घर, वास्तू असाही होता आणि पुरावा लांब शोधायला नको, याच कवितेत मास्तरांच्या थोडं आधी गावचा पाद्री येतो त्याच्या घराला कवी ‘मॉडेस्ट मॅन्शन’ म्हणतो. साधंसुधं मॅन्शन. त्या पाद्र्यावर कवीची केवढी श्रद्धा आहे, तिथे टोमण्याला जागाच नाही. म्हणजे मॅन्शनमध्ये असलीच तर जराशी गंमत आहे, उपहास नाही.

खरा अलंकार ‘नॉइझी’मध्ये आहे. गोंगाट घर करत नाही, पोरं करतात. पोरांचं विशेषण उचलून घराला लावलं, याला इंग्रजीत ट्रान्सफर्ड एपिथेट म्हणतात, मराठीत विशेषण-विपर्यय म्हण. आणि आपल्याकडची शब्दशक्ती आठवली तर ही सरळ लक्षणा आहे, ‘सगळी वाडी जेवायला आली’ म्हणतो तेव्हा वाडी थोडीच पाटावर बसते, वाडीतली माणसं बसतात, तसंच. पेपरात ट्रान्सफर्ड एपिथेट लिही, कारण दोन ओळींत दे आणि पुढे एक वाक्य जोड की इथे सौम्य गंमत आहे. सटायर लिहू नकोस. सटायरमध्ये समोरचा पडावा अशी इच्छा असते, इथे कवीला तो माणूस परत दिसावा असं वाटतंय.

त्याच्या आधीच्या ओळीकडेही बघून ठेव. कुंपणावर फर्झ फुललंय, ‘अनप्रॉफिटेबली गे’. फर्झ म्हणजे काटेरी झुडूप, पिवळीधमक फुलं. आपल्याकडे गडग्यावर घाणेरी फुलते ना पिवळी-केशरी, कुणी ती देवाला वाहत नाही, गजऱ्यात माळत नाही, पण वाट उजळून टाकते, तसंच काहीसं. फुलाला ‘गे’ म्हणजे आनंदी म्हटलं ही चेतनगुणोक्ती झाली. पण मला ‘अनप्रॉफिटेबली’ जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ही सगळी कविताच अशा काळावर आहे जेव्हा श्रीमंतांनी जमिनी फायद्यासाठी घेतल्या आणि गावं रिकामी झाली. ज्याचा फायदा नाही त्याला जागा नाही, हा तो हिशेब आणि कवी मास्तरांच्या शाळेचा पत्ता देतो तोच या बिनफायद्याच्या फुलांपाशी. हे उगाच आलेलं नाही असं माझं मत आहे.

प्रश्न : नमस्कार बाई. मी हर्णैजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. ‘टर्म्स अँड टाइड्स प्रेसेज’चा अर्थ माझ्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलांनी ‘मास्तर भरती-ओहोटी सांगू शकत होते’ असा लिहिला. टिपांमध्ये टाइड्सचा अर्थ सणवार, ऋतू असा दिलाय. मार्क कापू का?

उत्तर : सर, मार्क कापू नका, पण खरा अर्थ वर्गात नीट सांगा आणि सांगताना मुलांना कमीपणा वाटू देऊ नका, कारण बंदरावरच्या पोरांनी टाइड वाचून भरती लिहिणं हे अगदी साहजिक आहे.

कवितेपुरतं म्हणाल तर टिपा बरोबर आहेत. गोल्डस्मिथचं बालपण आयर्लंडच्या मधल्या भागात लिसॉय नावाच्या खेड्यात गेलं, समुद्र तिथून लांब. टर्म्स म्हणजे भाडं, खंड, पगार चुकते करायच्या ठरलेल्या तारखा. टाइड्स म्हणजे वर्षातले ठरलेले काळ, चर्चचे सण, ईस्टर-टाइड म्हणतात त्यातला टाइड. जुन्या इंग्रजीत टाइडचा मूळ अर्थच मुळी वेळ, ‘टाइम अँड टाइड’ म्हणतात तिथेही आधी तोच अर्थ होता, समुद्राचा अर्थ नंतर येऊन चिकटला. म्हणजे ईस्टर यंदा कधी येणार, खंडाची तारीख कधी, हे मास्तर आधीच सांगायचे. आपल्याकडे पंचांग बघून संकष्टी आणि एकादशी सांगतात तसं. अलंकार म्हणाल तर ‘ट’ची पुनरावृत्ती, अनुप्रास, त्यापलीकडे काही नाही.

पण सर, हे मुलांना जरूर सांगा की आपल्या भाषेतही असंच झालंय. संस्कृतात ‘वेला’ म्हणजे वेळ, आणि ‘वेला’ म्हणजे समुद्राचा काठ, भरतीसुद्धा. एकच शब्द. समुद्राकाठच्या माणसाला घड्याळ आणि पाणी वेगळं नव्हतंच कधी.

आणि आता मला माझ्या मास्तरांबद्दल लिहू द्या, कारण ही ओळ मी जेव्हा जेव्हा शिकवली तेव्हा ते डोळ्यासमोर आले. आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठी, शाळेत पलीकडच्या वाडीतली दहा-बारा मुलं तरीने यायची. मास्तर रोज फळ्यावर तारखेखाली तिथी लिहायचे. आम्हाला वाटायचं धार्मिक आहेत म्हणून. मग चौथीत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, शिकवली तेव्हा कळलं. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीनच्या सुमाराला भरती. अष्टमी, आठ पाऊणे सहा. द्वादशी, बारा पाऊणे नऊ. दिवसाला पाऊण तास भरती पुढे सरकते त्याचं हे गणित आणि सकाळची भरती तशीच संध्याकाळची. अमावास्येच्या आसपास दुपार व्हायच्या सुमाराला भरती येते म्हणजे संध्याकाळी पाचच्या आगेमागे सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, आणि त्या दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी आत जातं तेवढंच बाहेरही लांब जातं, सगळा चिखल उघडा पडतो. त्या दिवशी शाळा पाचला सुटली तर होडी चिखलात रुतणार, पोरं मांडीभर गाळातून जाणार. म्हणून चतुर्दशी लिहिलेली असली की मास्तर अडीचलाच म्हणायचे, पलीकडच्यांनी पाट्या भरा. त्यांनी कधी कारण सांगितलं नाही आणि आम्ही अलीकडची मुलं मात्र दर पंधरवड्याला त्यांच्यावर रुसायचो, की त्यांनाच का लवकर सोडता. गोल्डस्मिथच्या ओळीचा तो अर्थ नाही हे मला पक्कं माहीत आहे, तरीही ‘टाइड्स प्रेसेज’ वाचलं की मला फळ्यावरची ती तिथी दिसते. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या आजोबांना हा हिशेब अजून येत असेल, विचारून या म्हणावं.

जाता जाता, पुढच्या ओळीतला शेवटचा शब्द ‘गॉज’, त्याचा अर्थ पिपात किती माल मावतो ते मापून सांगणं. इथे कवी म्हणतो की ‘ते हेही करतात अशी गावात बोलवा होती’. मास्तरांना ते खरंच येत होतं की नाही ते कवी सांगत नाही, गावाने मात्र देऊन टाकलं. जमीन मोजायचे हे मात्र नक्की म्हणून सांगितलंय, आणि भावाभावांत दोन गुंठ्यांवरून वाद लागला की अशा माणसाची किंमत काय असते ते कोकणात सांगायला नको.

प्रश्न : मी मालवणचा, वय ७१. पोरांना थरथर कापायला लावणाऱ्या मास्तरचं हे कौतुक मला पटत नाही. ‘द लव्ह ही बोअर टू लर्निंग वॉज इन फॉल्ट’ म्हणे, चूक त्यांची नव्हती, विद्येवरच्या प्रेमाची होती. ही सरळ पळवाट आहे. याला अलंकार म्हणायचं का?

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलं नाहीये पण तुमच्या हातावर कुणाची तरी छडी अजून आहे असं मला वाटलं. माझ्याही आहे. वर लिहिलेल्या मास्तरांची नाही, पुढे हायस्कुलात एकांनी मला भूमितीच्या वहीवरून सगळ्या वर्गासमोर मारलं होतं आणि वही माझी नव्हतीच, शेजारणीची होती. तेव्हा तुमचा राग मला समजतो आणि मी तो खोडून काढणार नाही.

पण अलंकार आहे, आणि या कवितेतला सगळ्यात महत्त्वाचा आहे. व्याजस्तुती. वरवर निंदा आणि आतून स्तुती, किंवा वरवर स्तुती आणि आतून निंदा, दोन्हीला आपल्याकडे हेच नाव. (व्याजोक्ती वेगळी, तिच्यात खरं कारण लपवून भलतंच सांगतात, पोरं परीक्षेत दोघींची गल्लत करतात.) तुम्ही दाखवलेल्या ओळीत दोष दिलाय, ‘इन फॉल्ट’, पण दोष कशाचा तर विद्येवर जीव टाकण्याचा. म्हणजे निंदेच्या आडून स्तुती. आता लगेच पुढची ओळ बघा. ‘गाव म्हणायचं केवढं ज्ञान यांना, लिहिता तर येतंच येतं, आकडेमोडसुद्धा येते!’ इथे स्तुती आहे आणि आडून कवी हसतोय, कारण लिहिणं आणि आकडेमोड म्हणजे मास्तर व्हायला किमान लागणारी गोष्ट. गावाच्या कानाला ती चढती भांजणी वाटते, लिहितात, हिशेब करतात, जमीन मोजतात, काळ सांगतात, पिपं मापतात, आपण ज्याला सार अलंकार म्हणतो तसा एकावर एक चढत जाणारा. वाचणाऱ्याच्या कानाला मात्र ती तितकी मोठी वाटत नाही.

म्हणजे सलग चार-सहा ओळींत व्याजस्तुती आधी एका बाजूने जाते आणि लगेच उलट फिरून येते. दोष देताना कवी मान देतो, मान देताना हसतो. मला ही कविता आवडते ती या एका गोष्टीसाठी. आपल्याला लहानपणी ज्याची भीती वाटली, ज्याची आपण मागून नक्कल केली, आणि मोठेपणी ज्याच्याबद्दल डोळ्यात पाणी आलं, अशा माणसाबद्दल सरळ वाक्यात बोलताच येत नाही. नुसतं चांगले होते म्हटलं तर खोटं, नुसतं मारकुटे होते म्हटलं तरी खोटं. म्हणून अलंकार लागतो.

आणि काका, पोरांची भीती कवीने झाकलेली नाही हेही बघा. पोरांना तो मुलं म्हणतच नाही, ‘बोडिंग ट्रेंबलर्स’ म्हणतो, अशुभाच्या चाहुलीने कापणारे. माणसाऐवजी त्याचा कापच नाव म्हणून ठेवला, ही पुन्हा लक्षणा. ती मुलं ‘सकाळच्या तोंडावर दिवसाच्या आपत्ती’ वाचायला शिकली होती. शाळेत अक्षरं वाचायला शिकतात, हे आधी मास्तरांचा चेहरा वाचायला शिकले. तुमच्या मालवणात पहाटे दर्यावर जाणारा माणूस होडी लोटायच्या आधी आभाळाकडे बघतो ना, तसं. छडीला आपत्ती म्हणणं ही अतिशयोक्ती असं गाईडं सांगतात. सात वर्षांच्या पोराला विचारलं तर तो म्हणेल यात अतिशय काही नाही. आणि ‘मॉर्निंग फेस’ हे शब्द शेक्सपिअरने रडत शाळेत जाणाऱ्या पोराच्या धुतलेल्या, चमकणाऱ्या तोंडासाठी वापरले होते, गोल्डस्मिथने ते उचलून मास्तरांना लावले. पोरगा रडत येतो, मास्तर कपाळाला आठ्या घालून येतो, दोघांची सकाळ एकच.

या मास्तरांमागे खरा माणूस होता असं गोल्डस्मिथची चरित्रं सांगतात, लिसॉयचे थॉमस बर्न, म्हातारे सैनिक, स्पेनच्या लढाईवर जाऊन आलेले. कविता वाचताना एवढं ठाऊक असलं की पुरे.

प्रश्न : ‘फुल वेल’ पुन्हा पुन्हा येतं त्याला काय म्हणायचं? आणि ‘फॉल्ट’चं आधीच्या ओळीतल्या ‘ऑट’शी यमक कसं जुळतं? (रत्नागिरीहून दोन मैत्रिणी, बारावी)

उत्तर : पहिल्याला अनाफोरा, ओळीच्या तोंडाशी तेच शब्द. आधी ‘वेल’, मग दोनदा ‘फुल वेल’, तीन वेळा ‘चांगलंच’. चांगलंच ओळखायची, चांगलंच हसायची, कुजबुज चांगलीच फिरायची. पोरं या शाळेत काय चांगलं शिकली त्याची ही यादी आहे, आणि त्यात पुस्तकातलं एकही नाही. कुजबुजीला ‘बिझी’ म्हटलंय ती चेतनगुणोक्ती, बाकावरून बाकावर ती स्वतःच्या पायाने फिरते.

यमकाचं सोपं आहे. त्या काळी फॉल्टमधला ‘ल’ बऱ्याचदा उच्चारत नसत, ‘फॉट’ म्हणत. म्हणून ऑट-फॉट जुळलं. २६ ओळी म्हणजे १३ जोड्या, प्रत्येक जोडीला यमक, ओळीत साधारण दहा सिलेबल म्हणजे उच्चाराचे तुकडे, याला हिरॉइक कप्लेट म्हणतात. मोठ्याने वाचा, दोघी आळीपाळीने एकेक ओळ वाचा, म्हणजे ‘थंडरिंग साउंड’ला आवाज आपोआप चढेल आणि ‘रस्टिक्स रेंज्ड अराउंड’मधला र-र चा अनुप्रास कानाने कळेल, पाठ करावा लागणार नाही.

प्रश्न : वेंगुर्ल्याहून लिहितोय. ‘एवढ्याशा डोक्यात एवढं सगळं मावतं कसं’ ही ओळ आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे कारण आजी आमच्या गावच्या मास्तरांबद्दल अगदी हेच म्हणायची, ‘ह्या येवढ्याशा टाळक्यात येवढा सगळा मावता तरी खंय?’ तिला शाळा माहीत नव्हती, गोल्डस्मिथ तर नाहीच. ही अतिशयोक्तीच ना?

उत्तर : तुमच्या आजीचं वाक्य वाचून मला फार आनंद झाला, ते जपून ठेवा.

अतिशयोक्ती म्हटलंत तर मार्क मिळतील. पण याहून नेमकं नाव आपल्याकडे आहे, शाळेच्या पुस्तकात नसतं एवढंच. संस्कृत अलंकारशास्त्रात ‘अधिक’ नावाचा अलंकार सांगितलाय, भांडं आणि भांड्यात राहणारी वस्तू या दोघांत एकाला दुसऱ्यापेक्षा मोठं दाखवायचं, की ते मावतच नाही. त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण माघाच्या शिशुपालवधातलं आहे, पहिल्याच सर्गात नारद कृष्णाकडे येतात तेव्हा कवी म्हणतो, प्रलयाच्या वेळी ज्याच्या देहात सगळी जगं ऐसपैस मावतात त्या कृष्णाच्या देहात नारद आल्याचा आनंद मात्र मावेना. गोल्डस्मिथने माघ वाचला असण्याचा प्रश्न नाही, तुमच्या आजीनेही नाही. तरी तिघांनी भांडं आणि माप हेच धरलं. आणि गोल्डस्मिथच्या भांड्याला आणखी एक बारकावा आहे, सहा ओळींपूर्वीच मास्तर पिपं मापतात अशी गावात बोलवा होती, आणि आता सगळं गाव मास्तरांचंच डोकं मापत उभं आहे.

‘स्मॉल’ आणि ‘ऑल’ समोरासमोर ठेवलेत हा विरोध. ‘कॅरी’कडेही लक्ष द्या, डोकं ज्ञान नुसतं ठेवत नाही, वाहून नेतं. डोक्यावरून भाताचा भारा वाहणाऱ्या माणसालाच असं सुचतं. ‘हरले तरी वाद घालतच राहायचे’ यात विरोधाभास आहे तो मात्र उघड आहे, त्यावर वेगळं लिहीत नाही.

प्रश्न : चिपळूण. बाई, इंग्रजी कविता छान आहे पण मास्तरांवरची कविता म्हटलं की आम्हाला कुसुमाग्रजांची ‘कणा’च आठवते. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात साडेसात फूट पाणी होतं. त्यानंतर मला ती कविता वर्गात वाचता येत नाही. त्यातल्या अलंकारांबद्दल लिहाल का?

उत्तर : लिहिते, ताई. जपून लिहिते.

विद्यार्थी भिजलेला, चिखलाने भरलेला सरांकडे येतो आणि सांगतो की नदी पाहुणी म्हणून आली होती, माहेरवाशीण पोरीसारखी घरात नाचली. नदीला पाहुणी म्हणणं ही चेतनगुणोक्ती, ‘सारखी’ आहे म्हणून माहेरवाशीण ही उपमा. एवढं कुठलंही पुस्तक सांगेल. पण तुम्ही-मी कोकणातल्या बायका आहोत, आपल्याला त्यापुढचं कळतं. माहेरवाशीण घरातून रिकाम्या हाताने जात नाही. तिची ओटी भरतात, खण-नारळ देतात, पिशवीत फणसाचे गरे आणि कुळथाचं पीठ भरतात. कवीने उपमेची ही दोरी पुढे ओढली आणि मोकळ्या हाताने ही कशी जाईल म्हणत म्हणत नदीने भिंत खचवली, चूल विझवली आणि होतं नव्हतं सगळं नेलं. घरातल्या सगळ्यात लाडक्या रीतीच्या शब्दांत घर बुडाल्याचं सांगितलंय. मघाशी मालवणच्या काकांना लिहिलं ती व्याजस्तुती इथेही आहे, पाहुणी म्हणून नदीचा मान केलाय आणि आत काय आहे ते ज्याने चिखल उपसलाय त्यालाच कळतं.

आणि तो मुलगा हे हसून सांगतो. सर खिशात हात घालतात, त्यांना पैशाचं वाटलं, त्यांना त्या हसण्याच्या मागचं नीट ऐकू आलं नाही. त्याला पाठीवर हात हवा असतो. ‘कणा’ हा शब्दही लक्षणेनेच चालतो, पाठीचं हाड आणि माणसाची धमक दोन्ही, आणि हात ठेवायचा तोही पाठीवर. कवीने शेवटपर्यंत पाठ सोडली नाही.

वर्गात वाचायला जमत नसेल तर एखाद्या मुलीला वाचायला सांगा आणि तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐका. बरीच मुलं तुमच्यासारखीच त्या दिवशी माळ्यावर बसलेली असतील.

प्रश्न : देवगड. मुंबईत ३५ वर्षं नोकरी करून परत आलो. मी शिकलो ती शाळा पट नाही म्हणून बंद झाली. कवितेच्या शेवटी म्हटलंय की ती जागाही विसरली गेली. पण कवीला तर ती कुंपणासकट आठवतेय. मग हा विरोधाभास धरायचा का?

उत्तर : हो, धरायचा, आणि काही संग्रहांत कविता ‘ऑल ही न्यू’ला थांबवतात आणि या शेवटच्या दोन ओळी देतच नाहीत, त्यामुळे अनेकांना हा विरोधाभास ठाऊकच नसतो. नुसती चकित झालेल्या गावावर कविता संपवली तर ती गमतीची होते. गोल्डस्मिथने ती तशी संपवलेली नाही. चोवीस ओळी लांब श्वासाच्या, आणि मग एकदम तुटक, ‘बट पास्ट इज ऑल हिज फेम’. शब्दांचा क्रम उलटा केलाय, ‘पास्ट’ आधी आणलंय, मराठीत म्हणायचं तर ‘संपलं, सगळं नाव’. ‘द व्हेरी स्पॉट’ विसरला गेला. आता मागे जाऊन पहिली ओळ वाचा, ‘बिसाइड यॉन स्ट्रॅगलिंग फेन्स’, ते तिथे, त्या कुंपणाशेजारी. कवी बोट दाखवतोय. गाव विसरलं कारण गावच राहिलं नाही, विसरायला आणि आठवायला माणसं लागतात, तिथे आता तो एकटा आहे.

तुमच्या शाळेची जागा तुम्हाला आठवते, तर एकदा जाऊन या. मी गेल्या मे महिन्यात आमच्या खाडीकाठच्या शाळेवर गेले होते. कौलं गेलीत, चिऱ्याच्या भिंती छातीपर्यंत आहेत, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा कुणीतरी नेला पण तो बांधायची तार आंब्याच्या फांदीत रुतून बसलीय, झाडाने ती आत घेतलीय. फळा भिंतीतच सिमेंटचा केलेला होता, तो शाबूत आहे. मी पर्समध्ये खडू घेऊन गेले होते. त्या दिवशी पंचमी होती. तारीख लिहिली, खाली तिथी लिहिली आणि पाच पाऊणे पावणेचार असं मनात म्हणत खाली धक्क्यावर जाऊन बसले. पाणी चारला दहा कमी असताना पायरीला लागलं.